टाकी आपोआप भरते

आप्पांचा शेवटचा ‘आजचा विचार’ आमच्या घरच्या ग्रुपवर नेहमीसारखा सकाळी सातच्या सुमारास आला. ‘जी सिस्टीम नीट चालू आहे, ती उघडून बघू नये.’ खाली गुलाबाचं चित्र. मी हात जोडल्याची खूण पाठवली, भावाने, ऋषिकेशने, अंगठा. आईने काहीच पाठवलं नाही, कारण तिला तो विचार चहा देताना तोंडी ऐकावा लागे. त्या दुपारी आप्पा जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत.

आप्पांची सगळी नोकरी नेपानगरच्या कागद कारखान्यात, स्टोअरमध्ये झाली. बऱ्हाणपूरहून रोज गाडीने जायचे, गाडीने यायचे. निवृत्त झाल्यावर मात्र ते कागदाचे वैरीच झाले. वर्तमानपत्र बंद केलं. माझ्या लग्नाची पत्रिका मोबाईलवर पाठवली. तेव्हा बुधवाऱ्यातले कौतिककाका लोधीपुऱ्यातल्या आमच्या घरापर्यंत चालत आले आणि दारातूनच ओरडले, “विनायक, हे बोलावणं आहे का बातमी आहे?” आप्पांनी त्यांना आत बसवून पत्रिका कशी उघडायची ते शिकवलं. काकांनी ती उघडली, वाचली, आणि म्हणाले, “आता अक्षता कुठून टाकू, हे पण सांग.”

बोलणारा स्पीकर घरात आला तेव्हा आईचा संसार बिघडता बिघडता राहिला. आप्पा त्या स्पीकरमधल्या बाईशी फार अदबीने बोलत. “प्लीज, आजचं हवामान सांगा.”

“तिला प्लीज म्हणतात,” आई मला फोनवर म्हणाली. “मला एवढ्या वर्षांत म्हटलं नाही.”

मी आप्पांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी ते आईला म्हणाले, “रजनी, प्लीज चहा देतेस का?” आईने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

त्यांचे विचार बहुतेक कुटुंबावरच असत. दिवाळीनंतर आम्ही आपापल्या गावी परतलो की यायचा : ‘मुलं मोबाईलसारखी. चार्जिंगपुरती घरी येतात.’ एकदा लिहिलं, ‘बायकोशी वाद घालण्याआधी बॅकअप घ्यावा.’ आईने बॅकअप म्हणजे काय ते विचारलं. एक वस्तू हरवली तर सापडावी म्हणून दुसरीकडे जपून ठेवायची, असं त्यांनी समजावलं. आई म्हणाली, “मग तुमचा चष्मा, किल्ल्या, पेन्शनची कागदं, सगळ्याचा बॅकअप मीच आहे.” त्या दिवशी दुसरा विचार आला नाही. आपल्या मोबाईलचा पिन त्यांनी स्वतःच ग्रुपवर टाकून ठेवला होता, ‘अत्यंत गोपनीय’ असं वर लिहून. त्या ग्रुपवर आतेभाऊ, मामेभाऊ धरून सगळं गोत होतं.

पण त्यांचा खरा अभिमान म्हणजे पाण्याची मोटार. आमच्या गल्लीत नळ एक दिवसाआड येतो, तोही उजाडायच्या आधी. खालचा हौद लहान, म्हणून नळ चालू असतानाच मोटार लावून पाणी वरच्या टाकीत चढवावं लागतं. आप्पांनी मोटारीला वायफायवर चालणारं बटण बसवलं. हौदात पाणी आलं की मोबाईलला कळणार, मोबाईल मोटारीला सांगणार, मोटार चालू. समोरच्या खोलीत भिंतीवर एक डबी होती. तिची तार थेट वरच्या टाकीत गेलेली. तिच्यावर निळे आकडे चढत जायचे. शंभर झाले की खुर्चीत बसलेले आप्पा हाक मारायचे, “रजनी, टाकी भरली. आपोआप!”

मागून आईचा आवाज यायचा, “कमाल आहे.”

हे मी सुट्टीला आले की दर वेळी ऐकायचे आणि जळगावला परत जाताना गाडीत आठवून हसायचे.

तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि आम्ही तिघं उरलो. ऋषिकेश पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि त्याच्या स्वतःच्या घरात दिवे साध्या बटणांनी लागतात. तो म्हणाला, “ताई, हे सगळं काढून टाकू. आई एकटी राहणार. उद्या काही बिघडलं तर कोण बघेल? दगाभाऊंना बोलावतो, साधं कनेक्शन करून देतील.”

“आप्पांनी केलेलं एक तरी राहू दे,” मी म्हणाले.

“मी काय आप्पांना काढतोय का?”

आईने विषय मिटवला तो असा : “काही काढू नका. काही ठेवू नका. जे आहे ते असू द्या.” याचा अर्थ आम्हा दोघांनाही लागला नाही.

शेवटी ऋषिकेशने आणि मी असं ठरवलं की उद्या नळ येईल तेव्हा कोणी हात लावायचा नाही. टाकी आपोआप भरली तर सिस्टीम राहील. नाही भरली तर दगाभाऊ. मला ती पैज फार मनावर घेण्यासारखी वाटली, हे आता लिहिताना जरा चमत्कारिक वाटतं. पण आप्पा त्या डबीसमोर एखाद्या राजासारखे बसायचे. ते खरं ठरावं, एवढंच मला हवं होतं.

पहाटे आम्ही दोघं डबीसमोर बसलो. मी आप्पांच्या खुर्चीत, ऋषिकेश पाटावर. हौदात पाणी पडल्याचा आवाज आला. आई चुळबुळ करत होती.

“दूध बघून येते,” ती म्हणाली.

“आई, दूध अजून आलंच नाही.”

“आलं का नाही ते बघून येते.”

ती गेली आणि थोड्या वेळात मोटारीची घरघर ऐकू आली. निळे आकडे हलले. बावीस, तेवीस. मी ऋषिकेशकडे पाहिलं. आकडे साठावर गेले तेव्हा मी बोलू लागले, ऐंशीवर गेले तेव्हा माझं भाषण झालं. आप्पांना सगळे हसायचे, तूही हसायचास, वगैरे.

“हो बाई, जिंकलीस,” तो म्हणाला. लॅपटॉप उघडायला तो कोपऱ्यात गेला आणि तिथेच थांबला. “ताई.”

“काय?”

“राउटरची पिन मी रात्रीच काढली होती. लॅपटॉपच्या चार्जरला दुसरा प्लग रिकामा नव्हता.”

“मग?”

“मग वायफाय नाही. मोबाईल मोटारीला सांगणार कसं?”

डबीवर शंभर झाले. आम्ही मागच्या बोळीकडे, मोटारीपाशी गेलो. तिथे दिवसाही अंधार असतो. आई भिंतीशी उभी होती. तिच्या वर भिंतीला एक लहानसा पांढरा दिवा आणि हात जुन्या खटक्यावर. आम्हाला बघताच तिने खटका बंद केला आणि ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोला,” ती म्हणाली.

मग तिच्याच लक्षात आलं की आता हळू बोलायचं काही कारण नाही. ती पायरीवर बसली.

तिने सांगितलं ते असं. मोटारीवरचं ते बटण पहिले काही दिवसच चाललं. मधली भिंत जाड, वायफाय बोळीपर्यंत पोचेना. एका पहाटे टाकी भरली नाही. आप्पा माहितीपुस्तिका घेऊन बसले, तर दुपारचं ताट तसंच. “तोंड असं झालं होतं, जसं काही त्यांनीच कोणाला फसवलं,” आई म्हणाली. पुढच्या खेपेला तिने गुपचूप जुना खटका दाबला. टाकी भरली. आप्पांनी खुर्चीतून हाक मारली. ती म्हणाली, कमाल आहे. आणि मग ते तसंच चालू राहिलं.

“एवढी वर्षं?” ऋषिकेश म्हणाला.

“रोज थोडंच? एक दिवसाआड,” आई म्हणाली. “आणि कौतिकभाऊजींना कळू देऊ नका. गावभर करतील.”

ऋषिकेश हसू लागला, आई पदर तोंडाला लावून हसू लागली. मीही हसले, पण मनापासून नाही. ज्या खुर्चीत मी नुकती बसले होते, तिच्यातल्या माणसाला सगळं घर, म्हणजे एकटी आई, लहान मुलासारखं खेळवत होती, हे मला पटकन गिळता येईना. आप्पांना किती गोष्टी कळत होत्या आणि ही एकच कळली नव्हती.

दहाच्या सुमारास दगाभाऊ पक्कड, टेस्टर घेऊन आले. हे आमच्या गल्लीचे जुने वायरमन, प्रत्येक घरात कुठली तार कुठे जाते ते त्यांना तोंडपाठ. ऋषिकेशने त्यांना बोळीत नेलं. आई आत चहा टाकत होती.

“भाऊ, ते वायफायचं बटण काढा. आणि हा खटकाही वर घ्या जरा. एवढ्या खाली कोणी लावला? माझ्या कमरेला लागतो.”

“मीच लावला,” दगाभाऊ म्हणाले. “पहिले वर होता ना, तिथे. आप्पा म्हणाले, दगा, खाली घे.”

“आप्पा?” मी विचारलं. “त्यांना हा खटका कशाला लागत होता?”

“त्यांना कशाला लागेल? म्हणाले, रजनीचा खांदा दुखतो, हात वर जात नाही. मी तर म्हटलं त्यांना, आप्पा, पण मोटार तर मोबाईलवर चालते ना तुमची? सगळ्यांना तर तेच सांगता.”

“मग?”

“तर म्हणाले, चालते रे. पण घरात बोलू नको.” दगाभाऊंनी वरच्या पांढऱ्या दिव्याकडे टेस्टर दाखवला. “हा पण मग त्यांनीच आणला. माणूस उभा राहिला की लागते. पहाटे पाय घसरेल म्हणे.”

आतला चहाच्या भांड्याचा आवाज थांबला होता. आई दारात उभी होती, हातात गाळणी.

“मला म्हणाले, वर ओल येते म्हणून खटका खाली घेतला, आणि दिवा मांजरासाठी लावला,” ती म्हणाली. “मांजर घाबरून पळेल म्हणून.”

दगाभाऊंनी खाली वाकून दिव्याखालून हात फिरवला. दिवा लागला नाही. ते सरळ उभे राहिले. लागला.

“मांजराने नाही लागत, वहिनी.”

आई दिव्याकडे बघत राहिली. “म्हणजे मला येडं बनवत होते,” ती म्हणाली.

“तू काय करत होतीस?” ऋषिकेशने विचारलं.

“मी त्यांच्यासाठी करत होते.” गाळणीतून पायावर चहाचा थेंब पडला तशी ती भानावर आली. “दगाभाऊ, चहा घ्या आणि जा. काही काढायचं नाही.”

“अहो पण बटण तर बंदच पडेल आहे, वहिनी.”

“असू दे.”

ऋषिकेशने कोपऱ्यात जाऊन राउटरची पिन परत लावली. त्याचा काही उपयोग नव्हता, ते आमच्यापैकी सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या एकट्यालाच नक्की माहीत होतं.

पुढच्या नळाला तो पुण्याला गेलेला होता. मी जाग आली तशी उठून समोरच्या खोलीत आले. आईची जागा रिकामी. बोळीकडून पांढरा उजेड दाराच्या फटीतून आत येत होता. मोटार सुरू झाली. मी आप्पांच्या खुर्चीत बसले, त्यांचा मोबाईल मांडीवर घेतला, कारण ते तसा घ्यायचे. आकडे चढत गेले.

शंभर झाले. मी हाक मारली.

“आई, टाकी भरली. आपोआप!”

मोटार बंद झाली.

मग मागून आई म्हणाली, “कमाल आहे.”