जॅकेटच्या टोपीतल्या अक्षता

पद्मजाला औक्षण केल्याशिवाय कुठलंही काम सुरू झाल्यासारखं वाटत नसे. नवऱ्याची सिटिझनशिपची परीक्षा, नवी गाडी, लेकीची दाढ काढणं, कुणाचीही त्यातून सुटका नव्हती. सतरा वर्षांच्या सुलेखानं मात्र निक्षून सांगितलं होतं, "आई, रिंकवर नो कुंकू, नो राईस. प्लीज."

१९८६चा फेब्रुवारी. मिलवॉकीजवळच्या उघड्या रिंकवर उत्तर अमेरिका खंडाची ऑलराउंड स्पीड स्केटिंग स्पर्धा चालू होती. ऑलराउंड म्हणजे दोन दिवसांत चार शर्यती, आणि पहिल्या तीन झाल्या की फक्त आठ जणी शेवटच्या पाच हजार मीटरला उतरणार. बाकीच्यांनी सामान आवरायचं. त्या आठांत लेक बसावी म्हणून पद्मजाचा नवरा चंद्रशेखर सात हिवाळे इलिनॉयमधल्या शॉमबर्गहून पहाटे ड्राइव्ह करून तिला इथे आणत होता. तिसऱ्या शर्यतीआधी सुलेखा नववी होती. आठवी होती कॅनडाची जॅनिस. एका वेळी दोघीच पळत, घड्याळाशी स्पर्धा करत, आणि जोडी नेमकी तिच्याशीच लागली.

आता आईनं हातावर हात ठेवून बसायचं म्हणजे काय! सुलेखा वाकून बुटांच्या नाड्या बांधत असताना पद्मजानं पर्समधली डबी उघडली, चिमूटभर अक्षता तिच्या डोक्यावर टाकल्या आणि साळसूदपणे आभाळाकडे पाहू लागली. निम्म्या अक्षता जॅकेटच्या मागच्या टोपीत पडल्या. ते दोघींनाही कळलं नाही.

सुरुवातीच्या रेषेजवळ सुलेखानं जॅकेट ओढून काढलं आणि कठड्यापलीकडे आईकडे फेकलं. पिस्तूल वाजलं. तिसऱ्याच पावलाला जॅनिसचा पाय सटकला आणि ती आडवी झाली. उठून धावली बिचारी, पण चार सेकंद गेले ते गेलेच.

जॅनिसचा कोच पंचांकडे गेला. बर्फावर काहीतरी होतं, मुलीला पुन्हा पळू द्या, म्हणाला. पंच म्हणाले, काय होतं ते दाखवा, देतो. पण दाखवणार काय? तोवर बर्फ सारखा करणारं मशीन तिथून फिरून गेलं होतं.

पद्मजा जॅकेटची घडी घालत होती. टोपीच्या शिवणीत तिच्या बोटांना खरखर लागली. लाल दाणे. सहा-सात. तिनं ते नवऱ्याला दाखवले.

चंद्रशेखर इंजिनिअर होता, त्याला हिशेब लगेच कळला: जॅकेट ओढून काढताना बाकीचे दाणे रेषेजवळ बर्फावर सांडले होते. त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि टोपी मिटवली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बस."

"अरे, पण ती पोरगी..."

"सात वर्षं, पद्मजा!"

तेवढ्यात सुलेखा धावत आली. "आई! आय ॲम एट्थ! फाइव्ह थाउजंड!" असं हसताना पद्मजानं तिला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. तिनं लेकीच्या गालावरून हात फिरवला, जॅकेट काखोटीला मारलं आणि सरळ पंचांच्या टेबलाकडे चालू लागली. मागून चंद्रशेखरनं दोनदा हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर ती थांबली असती.

पंचांनी दाणे तळहातावर घेतले. हे काय आहे, असं विचारल्यावर पद्मजा म्हणाली, "ब्लेसिंग." त्यांनी कागदावर 'तांदूळ' असं लिहिलं.

अर्ध्या तासानं जॅनिस पुन्हा पळाली आणि आठवी आली. सुलेखा नववी.

परतीच्या वाटेवर गाडीत चंद्रशेखर उगाचच आरशात पाहत राहिला. पद्मजानं थर्मास उघडला, पण चहा कुणालाच नको होता. माफी कुठल्या शब्दांत मागावी, हे तिला सुचत नव्हतं. इलिनॉयची हद्द लागल्यावर मागच्या सीटवरून सुलेखाचा आवाज आला.

"व्हॉट डिड यू आस्क फॉर? राईस टाकताना?"

पद्मजानं खरं तेच सांगितलं. "पहिली ये असं नाही गं मागितलं. आठवी ये असंही नाही. पडू नकोस, एवढंच."

मग सीटच्या फटीतून एक हात पुढे आला, चहाच्या कपासाठी.

"वेल," सुलेखा म्हणाली, "नाही पडले."