चाळिसावं मशीन

एकोणचाळीस मशिनांचे मालक सापडले. चाळिसाव्याचा सापडेना.

सर्व्हर-रूममधल्या शेवटच्या रॅकच्या तळाशी ते बसलेलं. वर धुळीचा थर, पुढच्या बाजूला कागदाची पट्टी: 'हात लावू नये'. कोणी लिहिलं, का लिहिलं, देव जाणे. चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या आमच्या सीनियरचं काम असावं एवढाच अंदाज. त्याचा नंबरही आता दुसऱ्याच कोणाचा तरी झाला होता. जुनी मशिनं बंद करून सगळं नव्या व्यवस्थेत हलवायचं काम माझ्या गळ्यात पडलेलं. कोणतं मशीन कोणत्या विभागाचं, ही यादी शुक्रवारपर्यंत पूर्ण झाली, तर मी टीम लीड. अकरा वर्षं घासल्यावर! एका धूळखाऊ डब्यासाठी मी ते सोडणार नव्हते.

आमच्या धंद्यात अशा बेवारशी मशिनावर एकच औषध: नेटवर्कची केबल काढायची आणि कोण ओरडतं ते बघायचं. जो ओरडेल तो मालक. कोणीच ओरडलं नाही, तर मशीन भंगारात. ऐकायला रानटी वाटतं, पण चौकशीच्या दहा मेलना उत्तर न देणारी माणसं केबल काढल्यावर दहा मिनिटांत हजर होतात.

सोमवारी सकाळी मी केबल काढली.

कोणी ओरडलं नाही. ठीक. पण मंगळवारी दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं की कोणी काहीच बोलत नाहीये. एरवी माझा फोन म्हणजे रडकं पोर. या सर्व्हरची जागा संपत आली, तो तापलाय, त्या तिसऱ्याचा बॅकअप अर्धवट राहिला. 'अलर्ट' या नावाने मेसेज येतात आणि मी धावते. आता एकदम चिडीचूप. मी खुर्चीत बसून, चावून चावून जेवले.

"सुंठीवाचून खोकला गेला बघ," साहेब म्हणाले. "नवी व्यवस्था लावलीस, कटकट संपली. याला म्हणतात काम!"

अकरा वर्षांत त्यांनी माझी पाठ पहिल्यांदाच थोपटली. मी फुलले. खोटं कशाला बोलू?

बुधवारी सकाळी आईने माझ्याकडे निरखून पाहिलं. "दोन दिवस तुझा फोन वाजला नाही. काढलं की काय गं तुला?"

"काढतील कशाला? बढती देतायत."

"मग तुझी कामं कोण करतंय?"

मनात पाल चुकचुकली ती तिथेच. आईच्या फोनवरून मी स्वतःलाच फोन लावून पाहिला. वाजला. मेसेज पाठवला, तोही आला. मग बिघडलंय काय? आणि काहीच बिघडलं नसेल, तर इतकी वर्षं मी पळत होते ती कशासाठी? मी नसते तरी सगळं असंच चाललं असतं? आनंद व्हायला हवा होता, आणि मला चक्क भीती वाटत होती. साहेबांना विचारावं म्हटलं, पण विचारणार काय? 'सगळं छान चाललंय, आता काय करू?' गप्प बसले.

शुक्रवारी मशीन भंगारात काढायचा फॉर्म समोर आला. सही करणार, तेवढ्यात नोंदणी विभागातल्या बाई चार मजले चढून, धापा टाकत आल्या.

"अहो, मंगळवारपासून आमचं काही सेव्हच होत नाहीये. जागा नाही म्हणतंय."

"मंगळवारपासून? मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही येताच की नेहमी! आम्हाला कळायच्या आधी तुम्ही हजर. म्हटलं, आज येतील, उद्या येतील." त्यांनी हातातली कागदांची चवड दाखवली. "तोवर सगळं हाताने लिहून ठेवलंय."

यांना कळायच्या आधी मी हजर. मला कोण कळवत होतं? अलर्ट. आणि अलर्ट येतात कुठून? मी नुसती धावत होते. हे कधी विचारलंच नव्हतं.

सर्व्हर-रूममध्ये जाऊन मी चाळिसाव्या मशीनची केबल परत जोडली. मिनिटभरात फोन थरथरायला लागला. नोंदणीची जागा संपली. पगाराच्या सर्व्हरचा बॅकअप चार दिवस झालेला नाही. मग आणखी, मग आणखी. बाकी सगळ्यांवर नजर ठेवून मला अलर्ट पाठवणारं, ओरडणारं तेच एक होतं, आणि त्याचंच तोंड बांधून मी कोण ओरडतं याची वाट बघत बसले होते. काखेत कळसा, गावाला वळसा!

साहेबांच्या टेबलावर माझं बढतीचं पत्र होतं, सही व्हायची बाकी. मी काहीही न लपवता सगळं सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"चार दिवस फोन गप्प. तुला संशय नाही आला?"

"आला. बुधवारीच."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं, तर तुम्ही शाबासकी परत घेतली असती."

साहेबांनी पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं, आणि मी बाईंच्या कागदांची चवड घेऊन नोंदी भरायला खाली गेले.