डावी भुवई

"माणूस मरत नाही, भीमराव! निम्मा मुलांत, पाव नातवंडांत, असा तो युगानुयुगं चालत राहतो."

सदाशिव पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावरून रविवारी सकाळी ही घोषणा करून यज्ञेश्वर मास्तर चालायला म्हणून उठले, आणि गुडघ्याने ऐनवेळी माघार घेतल्यामुळे पुन्हा खुर्चीत बसले.

"युगं राहू द्या, मास्तर," भीमराव म्हणाले. "आधी कॉम्प्युटरपर्यंत पोचा." आणि त्यांनी हात पुढे केला.

मास्तर जीवशास्त्राचे. शाळेतून निवृत्त झाले, विषयातून नाही. भीमराव खालच्या मजल्यावरचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त. त्यामुळे इंटरनेट बंद पडलं की दोष भीमरावांचा, हे मास्तरांनी परस्पर ठरवून टाकलेलं. मास्तरांचा मुलगा आमोद वायटूकेच्या लाटेत कॅलिफोर्नियाला गेला. लाट ओसरली, आमोद तिकडच्या किनाऱ्याला राहिला. आमच्या इमारतीत यात विशेष काही नाही. खाली पार्किंगमध्ये मुलांच्या सायकली गंजतायत आणि वर आईवडील रविवारी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मॉनिटरसमोर बसलेत. खाली पायजमाच. कॅमेऱ्याला खालचं दिसत नाही.

पण या रविवारी मास्तरांनी शर्टाचं वरचं बटणही लावलं होतं.

त्यांच्या पत्नी, मंदाकिनीबाई, गेल्या तेव्हा नात तनया पाळण्यात होती, तीही सॅन होजेच्या. मंदाकिनीबाई मितभाषी. मास्तर जेवताना पेशीविभाजनावर बोलू लागले की त्या वाद घालत नसत. फक्त त्यांची डावी भुवई वर जायची. उजवी जागच्या जागी. एवढ्यावर मास्तर थांबायचे आणि ताक मागायचे. ही भुवई खास नवऱ्यासाठी राखीव होती. मुलासमोर नाही, पाहुण्यांसमोर तर नाहीच. एका भीमरावांनी तेवढी पाहिली होती, पत्ते खेळताना, आणि तीही चुकून.

घरात अल्बम भरपूर होते, पण एकाही फोटोत ती भुवई वर गेलेली नव्हती. फोटो काढताना मास्तर बोलत नसत.

आणि परवा फोनवर सून नीरजा सहज बोलून गेली, "बाबा, तनूला हल्ली कंटाळा आला ना, की एकच भुवई वर करते! कुठून शिकली कोण जाणे."

मास्तरांनी फोन ठेवला तो उलटा. दिवसभर कोणाचाच फोन लागला नाही. संध्याकाळी भीमरावांनी येऊन तो सुलटा केला, तेव्हा त्यांना सगळं कळलं.

"पण मास्तर, असली भुवई गुणसूत्रातून येते का?"

"तसं कोणी सिद्ध केलेलं नाही."

"मग?"

"मग काय? बघायला काय जातंय?"

जात काही नव्हतं, पण दिसतही काही नव्हतं. तनयाच्या कपाळावर झुलपं होती. थेट पापण्यांपर्यंत. मास्तरांनी 'डोळे बिघडतात' म्हणून आमोदला एक तांत्रिक स्वरूपाची ईमेल लिहिली.

"अहो, सरळ सांगा ना त्याला," भीमराव म्हणाले, "की तुझ्या आईची भुवई बघायचीय."

"मी? मुलाला?" मास्तरांचा चेहरा असा झाला, जणू त्यांना कोणी लक्ष्मी रोडवर नाचायला सांगितलं. "काहीतरीच बोलता!"

तर, ईमेलचा उपयोग झाला. रविवारी पडद्यावर तनया आली ती हेअरबँड लावून. कपाळ अगदी मोकळं. दोन्ही भुवया समोर, शेजारी शेजारी, सभ्यपणे बसलेल्या. भीमराव कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेताने भिंतीला टेकून उभे राहिले.

"आजोबा, मला शाळेत डीएनएवर प्रोजेक्ट आहे. बाबा म्हणाला, तुम्ही एक्स्प्लेन करणार."

"करणार ना," मास्तर म्हणाले. त्यांची योजना साधी होती. ज्या बोलण्याने आजी कंटाळायची, तेच बोलायचं. होईल तितकं रटाळ.

"शरीर पेशींचं बनलेलं आहे. पेशीत केंद्रक. केंद्रकात गुणसूत्रं. किती?"

"फोर्टी सिक्स."

"शाब्बास. तेवीस आईकडून, तेवीस बाबाकडून. गुणसूत्र म्हणजे दोऱ्याचं रीळ समज. त्यावर गुंडाळलेला दोरा म्हणजे डीएनए. पिळाचा असतो. आणि त्या दोऱ्याचा एक एक ठरावीक तुकडा म्हणजे जनुक. डोळ्यांचा रंग, केसांचा कुरळेपणा, असल्या गोष्टींच्या सूचना त्यात असतात. मात्र एका गुणाला एकच जनुक असं नेहमी नसतं. बहुधा अनेक मिळून ठरवतात. याला फाटे पुष्कळ आहेत. पहिला फाटा..."

त्यांनी फाटे फोडले. वाटाण्याच्या रोपांपर्यंत गेले, तिथून परत येताना दुसऱ्या रस्त्याने आले. भीमरावांनी भिंतीला टेकल्या टेकल्या जांभई दिली. तनयाने दिली नाही.

"कूल," ती म्हणाली. "थँक यू, आजोबा. व्हेरी इंटरेस्टिंग."

तिकडच्या शाळेत मुलांना सौजन्य शिकवतात, याचा मास्तरांना आजवर अभिमान होता. आता त्यांना ती शिक्षणपद्धती सदोष वाटू लागली.

"तू मुलगी का झालीस, माहितीय?" त्यांनी नवा विषय काढला.

"कारण माझ्याकडे दोन एक्स आहेत."

"एक आईने दिला. दुसरा?"

"बाबाने."

"बाबाकडे एक्स एकच. तो त्याला कोणी दिला? मी नाही दिला. मी दिला वाय. माझ्याकडचा एक्स त्याच्यापर्यंत पोचलाच नाही."

तनया बोटांवर काहीतरी मांडून बघू लागली.

"म्हणजे... माझ्याकडचा एक एक्स आजीचा आहे?"

"अख्खा," मास्तर म्हणाले. "बाकी गुणसूत्रांत सरमिसळ आहे; थोडी ती, थोडा मी, कोण कुठे ते सांगता येत नाही. पण या एकात माझा काडीचा वाटा नाही. ती एकटीच आहे तिथे. निवांत. मला बोलायला तिथे जागाच नाही."

भीमराव खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी होती.

"ओ वाव," तनया हळूच म्हणाली. आणि मग, "आजोबा, ती कशी होती?"

काय सांगणार? मास्तरांनी दोनदा तोंड उघडलं. उभा जन्म ज्या माणसाने विनाथांबा भाषणं दिली, त्याला एक वाक्य सापडेना. शेवटी त्यांनी जवळ होतं तेच काढलं.

"तर आपण पुन्हा पहिल्यापासून बघू. शरीर पेशींचं बनलेलं आहे. पेशीत केंद्रक..."

"आजोबा, हे झालंय."

"...केंद्रकात गुणसूत्रं. किती?"

तनयाच्या कपाळावर काहीतरी हललं. एक भुवई जागीच राहिली. दुसरी सावकाश, कसलीही घाई न करता, वर गेली.

आणि तिथेच चित्र अडकलं.

मास्तर अर्ध्या शब्दावर थांबले. हात आपोआप टेबलावर ताकाचं भांडं शोधायला गेला, सापडला माऊस.

"उजवी आहे, मास्तर," भीमराव पुढे येऊन हळूच म्हणाले.

"असू दे," मास्तर म्हणाले. "चालेल."

ते पुढे झुकले. आणखी झुकले. मॉनिटरला कपाळ लागेपर्यंत. जवळून नातीचा चेहरा रंगीत चौकोनांचा झाला होता, त्यातले दोनचार काळसर चौकोन तिरपे वर चढले होते. गुडघा, चष्मा, चहा, कशाचीच त्यांना आठवण राहिली नाही. ते नुसते बघत राहिले. भीमरावांनी इंटरनेट सुरू करायला वायरकडे नेलेला हात मागे घेतला.

चित्र थांबलं होतं, आवाज मात्र चालू होता. स्पीकरमधून तनया म्हणाली,

"आजोबा, प्लीज थोडं मागे सरका ना. मघापासून मला फक्त तुमचं टक्कल दिसतंय."