बेसमेंटसाठी बायोडेटा

मिसेस लिआंगना काही समजवायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे नीलिमाला चार वर्षांत कळायला हवं होतं. कॅनडातल्या नॉर्थ यॉर्कमधल्या त्या घरात नीलिमा वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची, खाली या चिनी मालकीणबाई, आणि त्याखालचं बेसमेंट मे महिन्यापासून रिकामं. नीलिमाच्या ऑफिसातली अबेना मूळची घानाची. सात वर्षांच्या मुलीला घेऊन ती जागा शोधत होती. दोन गल्ल्या सोडून शाळा होती आणि चांगली होती, पण हद्दीतला पत्ता असल्याशिवाय प्रवेश नाही. शाळा सुरू व्हायला उरले होते अठरा दिवस. इतकं सरळ काम, पण ते सरळ होऊ देतील तर त्या मिसेस लिआंग कसल्या!

"आफ्रिकन? नो, नो," बाई म्हणाल्या.

"का पण?"

"ग्वांगझूला माझ्या भावाचं चपलांचं दुकान आहे. तो रोज बघतो त्यांना. मोठमोठ्याने बोलतात, घासाघीस करतात, व्हिसा संपला तरी परत जात नाहीत."

"घासाघीस कोण करत नाही? परवा गराज सेलमध्ये एका कढईसाठी तुम्हीच अर्धा तास भांडलात!"

"ती कढई जुनी होती."

"तुम्ही स्वतः कधी एका तरी आफ्रिकन माणसाशी बोललात?"

"भाऊ बोलतो ना."

"मग भाऊ त्यांना चपला विकणं बंद का करत नाही?"

"बंद?" बाई दचकल्याच. "सगळा माल तेच तर नेतात!"

नीलिमाने कपाळावर हात मारून घेतला. आठवडाभर हेच चाललं. सकाळी जिन्यात, संध्याकाळी कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना. अबेना कॅनडाची नागरिक आहे म्हटलं, की बाईंचं उत्तर, "भाऊ म्हणतो, कागद खोटे असतात." अबेना हळू बोलते म्हटलं, की "आत्ता हळू बोलते." नीलिमाचं डोकं नुसतं भणभणायचं. आणि तिकडे ऑफिसात अबेना विचारायची, तेव्हा ही आपली म्हणायची, "होईल गं, मी बघते." खरं कारण सांगायची तिला लाज वाटत होती.

शेवटी रविवारी तिला एक युक्ती सुचली. नागपूरला धाकट्या भावासाठी, क्षितिजसाठी, मुली बघणं चाललं होतं, आणि तिचा लॅपटॉप बायोडेटांनी भरला होता. तिला वाटलं, अबेनाचाही एक करावा. आपल्याकडे एका कागदावर मुली घरात येतात, मग बेसमेंटचं काय घेऊन बसलात! तिने एक बायोडेटा उघडला, वरचा गणपती काढला आणि इंग्रजीत भराभर भरत गेली. शिक्षण, घानातल्या कुमासीच्या विद्यापीठाची पदवी. वडील, निवृत्त मुख्याध्यापक. भावंडं, सगळी मार्गी लागलेली. व्यसन, नाही. मग आला वर्ण. ती ओळ खोडायला किती वेळ लागला असता? पण नीलिमाचा हात थांबला. म्हातारीला तेवढाच धीर येईल, असा विचार करून तिने लिहिलं, 'फार काळी नाही.' शिवाय नीलिमाच्या अमरावतीच्या मावशीपेक्षा अबेना उजळच होती की.

मिसेस लिआंगनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. मुख्याध्यापकांपाशी बोट ठेवून मान डोलावली. "ओके. येऊ दे तिला."

नीलिमा उड्या मारायचीच बाकी होती.

शनिवारी अबेना आली. तिने दारातच बूट काढले, बेसमेंट पाहिलं, खिडकी उघडून बघितली, शाळेचा रस्ता विचारला. सगळं छान चाललं होतं. मग स्वयंपाकघरात चहा ओतून झाल्यावर मिसेस लिआंगनी तो कागद काढला, अबेनाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, पुन्हा चेहऱ्याकडे पाहिलं.

"पेपर बरोबर नाही," त्या नीलिमाला म्हणाल्या आणि कागद सरळ अबेनाच्या हातात दिला.

अबेनाने तो सावकाश वाचला. वडिलांचं नाव वाचून ती जराशी हसली. मग ते हसू गेलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी," नीलिमा म्हणाली. "अगं, यांच्या डोक्यात भलतंसलतं भरलंय. मी आठवडाभर भांडतेय तुझ्यासाठी. काहीतरी करून..."

"ह्या मला ओळखत नव्हत्या," अबेना म्हणाली. "तू तीन वर्षं माझ्यासोबत जेवतेस."

नीलिमाला संताप आला. आधी म्हातारीचा, मग त्या भावाचा, मग मान खाली घालायला लागल्यावर स्वतःचा.

अबेनाने कागद टेबलावर पालथा ठेवला आणि खुर्ची मिसेस लिआंगकडे वळवली. "पेपर चुकीचा आहे. मी काळी आहे. माझी मुलगीही काळी आहे, आणि ती मोठ्याने बोलते. तुम्हाला भाडेकरू हवाय की नकोय?"

बाई गडबडल्या. असं तोंडावर त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. समोरचा कप उगाच सरळ करत त्या म्हणाल्या, "रात्री दहानंतर वॉशिंग मशीन नाही."

"चालेल."

शाळा उघडायच्या दोन दिवस आधी, लेबर डेच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी सामान आलं. ट्रक अर्धाही रिकामा झाला नव्हता. मिसेस लिआंग कपाळाला आठ्या घालून दार धरून उभ्या होत्या. नीलिमा बाह्या सरसावून धावतच खाली आली आणि तिने एका खोक्याला हात घातला. अबेनाने ते खोकं तिच्या हातून अलगद काढून घेतलं.

"थँक यू, नीलिमा," ती हसून म्हणाली, ऑफिसात अनोळखी माणसाशी हसावं तशी. "आमचं होतच आलंय."