मधल्या माळावरचं स्टेशन

मी एकेरी लोहमार्ग बोलतोय. गाडी नव्हे; गाडीचं कौतुक सगळ्यांनाच असतं. मी तिच्या खालचा. जंक्शनपासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं, हा माझा जन्म.

मला घातलं तेव्हाच माणसांची अक्कल कळली. वाटेत दोन गावं, वरचं आणि खालचं. स्टेशन आपल्याकडेच हवं म्हणून दोघंही मोजणीच्या खुंट्या उपटायचे. शेवटी इंजिनिअर वैतागला आणि मधल्या ओसाड माळावर स्टेशन बांधून मोकळा झाला. दोन्ही गावांच्या नशिबी पायपीट आली, आणि दोघांनाही आनंद झाला! शेजाऱ्याचे पाय दुखले की यांचे दुखायचे थांबत असावेत.

पुढे ज्याला परवडली त्यानं मोटारसायकल घेतली. माझ्यावर गवत माजलं. गाडीत नेमानं बसणारी उरली एक शिंपीण. म्हाताऱ्या बापाला ती जंक्शनच्या शहरातल्या दवाखान्यात न्यायची. त्याला मोटारसायकलवर बसवत नव्हतं. सगळ्या माणसांत तेवढीच मला सहन व्हायची.

मग रेल्वेचे साहेब आले. माळावर बैठक भरली. साहेब म्हणाले, "स्टेशन एका गावात हलवू. प्रवासी वाढतील, गाडी चालू राहील. कुठलं गाव, ते तुम्हीच ठरवा."

झालं! वरच्या गावचा पुढारी उठला. "आमच्याकडे नसेल तर बंद करा."

खालच्या गावचा गिरणीवाला कशाला मागे राहतोय? "बंद तर बंद! पण यांच्या दारात गाडी जाऊ देणार नाही."

शिंपिणीनं हात जोडले. "अहो दादा, कुठंही करा, पण गाडी ठेवा. बाबांना मी न्यायचं कसं?"

"तू गप गं. गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे," दोघं एकदम म्हणाले.

साहेबांनी कागद मिटले. गाडी बंद झाली.

आता मला उखडताहेत. फुकटचं लाकूड मिळतंय म्हटल्यावर दोन्ही गावं एकाच ट्रॅक्टरमधून आली आहेत. पुढारी आणि गिरणीवाला रुळांखालच्या एका लाकडी स्लीपरची दोन टोकं धरून म्हणताहेत, "सांभाळून हं, भाऊ!" थू तुमच्या भाऊपणावर.

शिंपीण बापाला हातगाडीवर बसवून माझ्याच वाटेनं जंक्शनकडे निघाली आहे. खडीत चाक रुतलंय. सगळे बघताहेत.

न्या, माझं सगळं न्या. पण आधी त्या हातगाडीला हात लावा रे, मेल्यांनो!