सासऱ्यांचा टेप

माझे सासरे न्हावी. आयुष्यभर लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवत आले, लोक त्यांच्यापुढे डोळे मिटून बसतात. पण त्यांचा स्वतःचा विश्वास म्हणाल तर कुणावर नाही. जावयावर तर मुळीच नाही. मी मिक्सर, पंखे, पाण्याचे पंप दुरुस्त करतो. अख्खी वस्ती माझ्याकडे येते. नानांचा, म्हणजे सासऱ्यांचा, मिक्सर मात्र चार गल्ल्या पलीकडे जायचा.

त्यामुळे एका सकाळी नाना स्वतः माझ्या दुकानात आले आणि त्यांनी तो टेप माझ्यापुढे ठेवला, तेव्हा मी हातातला पंखा तसाच खाली ठेवला. रेडिओ आणि टेप एकत्र असलेलं जुनं मशीन, वर धरायला दांडी, चार मोठ्या सेलवर नाहीतर विजेवर चालणारं. आत एक कॅसेट अडकलेली. त्या कॅसेटवर माझ्या सासूबाईंचा आवाज आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. माझी बायको दीड वर्षाची असताना त्या गेल्या. पुढे वर्षभरात मशीन बंद पडलं, आणि नानांनी ते कपाटावर ठेवून दिलं. कुणी हात लावायचा नाही. बायकोने आईचे फोटो पाहिलेत, आवाज लक्षात राहायचं तिचं वय नव्हतं.

"डावा कान तर निकालातच निघालाय," नाना म्हणाले. "उजवाही फार दिवसांचा सोबती नाही, असं डॉक्टर म्हणतो. तेवढ्यात काय ते करा. आणि जावईबापू, टेप तुटली तर याद राखा."

मी कामाला लागलो.

उघडून बघतो तर आतला रबराचा पट्टा विरघळून डांबर झालेला. सेल गळून स्प्रिंगा हिरव्या पडलेल्या. टेप रबरी चाकाला गुंडाळून बसली होती. ती सोडवताना मी श्वाससुद्धा बेताने घेत होतो, कारण ती तुटली असती तर नानांना तोंड दाखवता आलं असतं, बायकोला नाही. रेकॉर्डचं बटण आधी काढून खिशात टाकलं. चुकून दाबलं गेलं तर सगळंच पुसलं जायचं. नवा पट्टा बसवला, स्पिरिटने हेड पुसलं, स्प्रिंगाही घासल्या. मग चाचणीची कॅसेट लावून मोटरचा वेग मीटरवर अगदी काटेकोर जुळवला. आपल्या कामात खोट काढायला जागा ठेवायची नाही, हा माझा बाणा.

दोघांना दुकानात बोलावलं आणि बटण दाबलं.

आवाज आला. बारीक, चिरका, घाईघाईने बोलणारा. शब्द धड कळेनात. नाना उजवा कान मशीनला लावून बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली.

"ही ती नाही," ते म्हणाले. "कुणी तरी बाई बोलतेय." आणि उठून निघून गेले.

बायको रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बसून राहिली. मला मात्र संताप आला. "मीटर खोटं बोलत नाही. वेग बरोबर आहे. तुझ्या वडिलांनाच आठवत नसेल."

"मागे काय वाजतंय ते?" तिने विचारलं.

"दातेरी चाकाचा आवाज. जुनं मशीन म्हटल्यावर एवढं चालायचंच."

"अहो, ते आमच्या सलूनमधलं घड्याळ आहे. पूर्वी घरात असायचं. त्याच्याखाली बसून मी पाढे पाठ केलेत. फक्त हे फार घाईत आहे."

मी परत लावलं. खरंच टकटक होती, आणि घाईत होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रेकॉर्ड करताना सेल संपत आलेले असणार. मशीन तेव्हा रखडत चाललं, म्हणून आज नीट चालल्यावर सगळंच पळायला लागलं. मशीन बरोबर होतं म्हणूनच आवाज चुकत होता. एवढा मोठा मेकॅनिक मी, आणि माझं घोडं इथे अडलं होतं.

आम्ही तडक मशीन उचलून सलूनमध्ये गेलो. नाना एका गिऱ्हाइकाची दाढी करत होते. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस. भिंतीवर ते लंबकाचं घड्याळ. नाना त्याला चावी देतात, पण लंबकाला आजवर कुणाला हात लावू दिलेला नाही, म्हणजे त्याची चाल तेव्हाचीच. पहिल्यांदाच मला त्यांचा हा हट्टीपणा आवडला.

मशीन घड्याळाखाली ठेवलं, वायर लावली, मागचं झाकण काढलं. मोटरला वेगाचा एक बारीक स्क्रू असतो. टेप सुरू केली आणि तो हळूहळू मागे फिरवू लागलो. टेपमधलं घड्याळ पळत होतं, भिंतीवरचं आपल्या चालीने. मग टेपमधलं दमलं, आणखी दमलं, आणि एकदम दोन्हींचे ठोके एकमेकांवर बसले. दोन घड्याळांचं एकच घड्याळ झालं. ती खोली, तो दिवस, ती वेळ इथे आली होती, आणि त्या वेळेत एक बाई बोलत होती.

"...सुरू झालं का? लाल दिवा लागलाय खरा. काय बोलू आता? ही बघा, मांडीवर पेंगतेय."

नानांचा वस्तरा हवेतच थांबला. "हीच," ते म्हणाले.

बायको जमिनीवर बसली. मांडीवर पेंगणारी ती होती.

ठोके पुन्हा सुटू लागले. सेल उतरत गेले तशी टेप तेव्हा आणखी रखडली होती. मी स्क्रू केसभर मागे घेतला, ठोके जुळले. पुन्हा सुटले, पुन्हा जुळवले. सासूबाई माझ्या बोटाच्या टोकावर बोलत होत्या. फेस लावलेलं गिऱ्हाईकसुद्धा हलेना.

"अहो, दिवा बारीक झालाय. सेल बदला म्हणून कधीचं सांगतेय. नवे आणा. ऐकताय ना? तुमचं म्हणजे एका कानाने ऐकायचं आणि दुसऱ्याने सोडून द्यायचं."

त्या 'कधीचं' वरचा जोर मी चांगला ओळखतो. माझ्या घरात तो रोज ऐकू येतो. टेप संपली आणि भिंतीवरचं घड्याळ एकटंच चालत राहिलं.

नानांनी गिऱ्हाइकाचा दुसरा गाल नीट पुरा केला, वस्तरा पुसला आणि बाहेर गेले. परत आले तेव्हा हातात चार मोठे सेल होते.

मशीन तर विजेवर चालू होतं. मी तसं सांगायला तोंड उघडलं, तोच बायकोने माझ्या पायावर पाय दिला.

नानांनी स्वतः मशीन आडवं केलं आणि एकेक सेल बसवला.

"आणले गं," ते म्हणाले.

मी उठलो आणि भिंतीतली वायर काढून टाकली.