अळणी नवस

कडूबाईनं लेकीसाठी एकाच आठवड्यात दवाखानाही गाठला आणि देवही. दोन्हीकडं ती जीव तोडून गेली. यात तिचं चुकलं कुठं, ते ज्याचं त्यानं ठरवावं. तिनं स्वतः ते केव्हाच ठरवून टाकलं होतं.

लेक सत्यभामा वीस वर्षांची, बीडच्या डोंगरपट्ट्यात मेंढरं राखणाऱ्या तात्याबाची एकुलती एक. पहिल्या बाळंतपणानंतर तिला फेफरं लागलं. आठवड्यातून दोनदा-तीनदा डोळे पांढरे व्हायचे, दातखीळ बसायची, अंग जमिनीवर आपटायचं. एकदा चुलीपुढं झटका आला आणि मांडीवरची कौशी निखाऱ्यांशेजारी पडली. पोर वाचली, पण सासू बायनाबाईनं त्याच दिवशी सुनेला माहेरी आणून सोडलं. पोर मात्र ठेवून घेतली.

"फेफरं थांबू द्या, मंग कौशीला घिऊन येतो अन् हिला नेतो," ती म्हणाली. "न्हाईच थांबलं तर सुग्रीवचं दुसरं लगीन लावावं लागंल. रागावू नगा."

नवरा म्हणवणारा सुग्रीव शेजारीच उभा होता. अंगठ्यानं माती उकरण्यापलीकडं त्याच्याच्यानं काही झालं नाही.

कडूबाई लेकीला घेऊन बीडच्या सरकारी दवाखान्यात गेली. निजाम सरकारनं नेमलेला डॉक्टर हैदराबादकडचा, मराठी बेताचीच. मधे बोलायला पंडित नावाचा कंपाउंडर. त्यानं बाटलीत पाण्यासारखं औषध भरलं आणि कडेला खुणा कापलेली कागदाची पट्टी चिकटवली. एक खूण सकाळी, एक संध्याकाळी.

"डोक्यातला भडका ह्यानं निवतो," पंडित म्हणाला. "जरा सुस्ती यील, भिऊ नगा. जेवणात काई बदल करायचा न्हाई. अन् दर महिन्याला पोरीला दाखवून जायचं."

चौथ्या दिवशी कडूबाई नारायणगडावर जाऊन नवस बोलून आली. फेफरं थांबू दे, पुढल्या जत्रेपर्यंत माझी लेक मिठाला शिवणार नाही. पंडितचं बोलणं तिच्या पक्कं ध्यानात होतं. पण नवस म्हणजे काही जेवणातला बदल नव्हे. जेवण माणसाचं, नवस देवाचा. या दोन गोष्टी एका तोंडात जातात हे तिला कोण सांगणार, आणि तिनं विचारावं तरी कुणाला?

औषध खारट होतं. नवस मोडतो की काय, म्हणून ती दोन दिवस घाबरली. मग औषध ते औषध, ते काही मीठ नव्हे, अशी तिनं मनाची समजूत घातली. अळणी कोरड्यास आणि अळणी भाकरी खाऊन विटलेली सत्यभामा त्या बाटलीची वाटच बघायची. "आय, अजून घोटभर दे की," म्हणायची. लेकरू मायेनं मागतंय म्हणून कडूबाईही कधी खुणेच्या खाली जाईल एवढं ओतायची.

झटके थांबले. महिना गेला, दुसरा गेला, एकदाही दातखीळ बसली नाही. कडूबाईनं देवाला हात जोडले आणि सरकारलाही. दवाखान्यात तात्याबा एकटाच बाटली घेऊन जायचा आणि भरून आणायचा. झोपेला आलेल्या पोरीला एवढं चालवत कशाला न्यायचं?

कारण पोर झोपेला आली होती. दिवस कलला तरी उठायची नाही. चालताना भिंत धरायची. तोंडावर, पाठीवर लाल फोड उठले होते. जीभ जड पडली, बोलणं अर्ध्यात राहायला लागलं.

"हिचं काय तरी बिनसलंय," कडूबाई एकदा नवऱ्याला म्हणाली.

"झटका नगं म्हनतीस, झोप बी नगं म्हनतीस," तात्याबा वैतागला. "एक काय ते ठरीव."

तिनं ठरवलं. तिनं लेकीच्या सासरी निरोप धाडला, की तीन महिने झाले, फेफरं गेलं, कौशीला घेऊन या.

बायनाबाई शब्दाला जागली. कौशीला कडेवर घेऊन आली. कडूबाईनं लेकीला न्हाऊ-माखू घालून, टेकू देऊन ओसरीवर बसवलं होतं. बायनाबाईनं कौशीला तिच्यापुढं खाली सोडलं. सत्यभामेनं जवळ आलेल्या लेकराकडं बराच वेळ पाहिलं. लेकरू रडायला लागलं.

"हे कुनाचं?" ती जडपणे म्हणाली. "रडतंय. न्या की."

आणि मान टाकून झोपली. बायनाबाईनं तिचा खांदा हलवून पाहिला, पुन्हा हलवला. मग कौशीला उचललं आणि डोळे पुसत निघून गेली. ती वाईट बाई नव्हती, हेच कडूबाईला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तात्याबानं आणि कडूबाईनं लेकीला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं डोळे पाहिले, फोड पाहिले, जीभ पाहिली. "नमक खाती क्या?" त्यानं विचारलं.

"न्हाई," कडूबाई अभिमानानं म्हणाली. "तीन महिन्यांत मिठाचा खडा तोंडात गेला न्हाई."

डॉक्टर खुर्चीत मागं टेकला आणि पंडितशी बराच वेळ बोलला. पंडितनं कडूबाईकडं न बघताच सांगितलं.

"बाई, हे औषध मिठाच्याच जातीचं हाय. मीठ पोटात जातं अन् लघवीवाटं भाईर पडतं, तसं औषध बी संगं थोडं थोडं भाईर जातं. तुमी मीठ तोडलं. मंग अंगानं औषधालाच मीठ समजून धरून ठिवलं. रोज वतत गेलात, रोज साचत गेलं. पार डोक्यात भिनलं. कावून सोडलं मीठ? जेवणात बदल करू नगा म्हनलो व्हतो ना?"

"नवस व्हता," कडूबाई म्हणाली.

औषध बंद झालं. मीठ द्यायचं, पाणी भरपूर पाजायचं, पुढं अर्ध्या खुणेनं बघू, असं ठरलं. घरी येऊन कडूबाईनं कण्या रटरटवल्या आणि मिठाची चिमूट हातात धरून ती किती तरी वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "देवा, धरायचं तर मला धर," आणि चिमूट सोडली.

तीन आठवडे लागले. मधे दोनदा झटका आला, पण माणूस परतत होतं. फोड सुकले, पाय भिंत सोडून पडायला लागले. सुग्रीवच्या लग्नाची खबर त्याच दिवसांत आली. तिकडची नवी सून कौशीला बरं सांभाळते, असंही सांगणारा सांगून गेला.

एका सकाळी सत्यभामा लख्ख डोळ्यांनी उठून बसली. "आय, कौशीला कवा आननार हायती?"

कडूबाईनं खोटं बोलायचं ठरवलं होतं. ते जमलं नाही. "आनली व्हती," ती म्हणाली, आणि झालं तसं सगळं सांगितलं.

सत्यभामा रडली नाही, तिनं आईला बोलही लावला नाही.

"चालाय लागली का गं ती?"

"लागली की. दोन पावलं टाकती अन् बसती."

"माझ्याकडं आली?"

"तुज्याकडंच आली व्हती," कडूबाई म्हणाली. "तुज्या गुडघ्याला धरून उभी व्हती."